मशीन उठत नाही? 'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी रेस्क्यू डिस्क. ती बनवताना नेमकं कुठं अडतं?

आष्टा (ता. वाळवा) : दूध संस्थेचा दहा दिवसांचा हिशेब काढायचा दिवस असतो आणि नेमका त्याच सकाळी संगणक निळ्या पडद्यावर अडकतो. झेरॉक्स सेंटरवर शाळेच्या दाखल्यांसाठी रांग लागते आणि मशीन काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढंच लिहून गप्प बसते. दुरुस्तीवाल्याला फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फॉरमॅट मारून विंडोज मारून देऊ काय?" घाईत 'मारा' म्हटलं जातं आणि मशीन तासाभरात सुरूही होते. मात्र सी ड्राईव्हवर, डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाईली, सभासदांच्या याद्या, जुनी बिले, लग्नाचे फोटो गेलेले असतात.

मशीन उठत नाही म्हणजे आतला माल गेला असे नसते. बहुतेक वेळा विंडोजच्या चार-दोन फाईली बिघडलेल्या असतात आणि डेटा जागच्या जागी असतो. त्या बिघडलेल्या विंडोजला हात न लावता बाहेरून, पेनड्राईव्हवरून किंवा डीव्हीडीवरून मशीन उठवायची, आत शिरायचे, फाईली बाहेर काढायच्या, व्हायरस असेल तर साफ करायचा, जमले तर विंडोज दुरुस्त करायची. यासाठी जे साधन लागते त्यालाच रेस्क्यू डिस्क म्हणतात. जुन्या लोकांना विंडोज ९८ ची १.४४ एमबीची स्टार्टअप फ्लॉपी आठवत असेल. काम तेच, फक्त आता ते पेनड्राईव्हवर होते.

अडचण अशी की ही डिस्क बनवतानाच निम्म्या लोकांचे घोडे पेंड खाते. डिस्क बनते पण मशीन ती घेत नाही, किंवा बनतानाच मध्ये अडते.

कोणती डिस्क कशासाठी?

इथेच पहिला घोळ होतो. रेस्क्यू डिस्क नावाने तीन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात आणि त्यांची कामे वेगळी आहेत.

पहिली विंडोजची स्वतःची 'रिकव्हरी ड्राईव्ह'. चालू मशीनवर सर्चमध्ये हेच नाव टाकले की ती बनवण्याची खिडकी उघडते. सिस्टम फाईलींसह बनवायची असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सांगण्याप्रमाणे किमान १६ जीबीचा पेनड्राईव्ह लागतो. नवीन विंडोज टाकायचा पेनड्राईव्ह 'मीडिया क्रिएशन टूल'ने बनतो, त्याला ८ जीबी पुरतो आणि त्यातही दुरुस्तीचा पर्याय असतो.

दुसरी अँटिव्हायरस कंपन्यांची डिस्क. व्हायरस विंडोजमध्ये इतका मुरलेला असतो की विंडोज चालू असताना तो निघत नाही, तेव्हा ही कामाला येते. आपल्याकडे घराघरात माहीत असलेल्या क्विक हीलमध्ये टूल्सच्या भागात 'इमर्जन्सी डिस्क' बनवण्याची सोय आहे. ही कंपनी पुण्याची, पण तिचे संस्थापक कैलास काटकर मूळचे शेजारच्या सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात काम शिकून त्यांनी पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे काम थाटले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायला लागले तसे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायचे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून हे अँटिव्हायरस उभे राहिले. २००७ मध्ये कंपनीचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. बंद पडलेल्या मशीनच्या दुरुस्तीतूनच धंदा उभा राहिला, तेव्हा इमर्जन्सी डिस्क त्यात असणे साहजिकच आहे.

तिसरी म्हणजे लिनक्सची 'लाईव्ह' डिस्क. लिनक्स मिंट, उबंटू किंवा जुन्या मशीनसाठी हलके पपी लिनक्स पेनड्राईव्हवर टाकायचे, त्यावरून मशीन उठवायची आणि हार्डडिस्कमधील फाईली दुसऱ्या पेनड्राईव्हवर ओढून घ्यायच्या. हे फुकट आहे, परवान्याची भानगड नाही. नुसता डेटा काढायचा असेल तर तिन्हींत हीच सर्वात सोपी आणि सर्वात कमी धोक्याची, कारण ती मुद्दाम सांगितल्याशिवाय हार्डडिस्कवर काही लिहीत नाही.

एक इशारा इथेच. विंडोजच्या रिकव्हरी ड्राईव्हवर 'ड्राईव्हवरून रिकव्हर करा' असा पर्याय येतो. नाव ऐकून वाटते की डेटा परत मिळेल. प्रत्यक्षात त्याने विंडोज नवीन बसते आणि स्वतःच्या फाईली, टाकलेले सॉफ्टवेअर सगळे पुसले जाते. तो पर्याय डेटा काढून झाल्यावरचा आहे, आधीचा नाही.

डाऊनलोडचा फास

लिनक्स मिंटची फाईल तीन जीबीच्या आसपास, पपी एक जीबीच्या आतबाहेर, तर विंडोजची आयएसओ फाईल पाच जीबीच्या पुढे जाते. गावाकडे रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक. साहजिकच लोक म्हणतात, तीन दिवसांत थोडी थोडी उतरवू. इथे गंमत अशी की मायक्रोसॉफ्टच्या पानावरून मिळणारी आयएसओची लिंक २४ तासच चालते. दुसऱ्या दिवशी अर्धी फाईल तशीच राहते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून विंडोजची फाईल फायबरचे कनेक्शन असलेल्या ठिकाणी किंवा अमर्याद ५जी मिळत असेल तिथे एका बैठकीत उतरवावी. लिनक्सचे तसे नाही, डाऊनलोड मॅनेजर वापरला तर तुटलेले डाऊनलोड पुढे चालू होते.

फाईल पूर्ण उतरली असे दिसले तरी ती धड असेलच असे नाही. रेंज येते-जाते त्यात मधला एखादा तुकडा खराब होतो आणि मग पेनड्राईव्ह बनवताना किंवा बूट होताना विचित्र चुका येतात. त्यासाठी हॅश नावाची ओळखखूण तपासायची असते. लिनक्सवाले आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक फाईलसमोर अक्षरे-आकड्यांची लांबलचक ओळ देतात. विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल'ची 'हॅशफाईल' आज्ञा देऊन, पुढे फाईलचे नाव आणि शेवटी शा२५६ लिहिले की आपल्या फाईलची ओळ मिळते. दोन्ही जुळल्या तर फाईल चोख. एक अक्षर जरी वेगळे असले तरी ती टाकून नवीन उतरवावी, त्यावर डोके लावत बसू नये.

बाजारात 'ॲक्टिव्हेट केलेली' विंडोज असलेले पेनड्राईव्ह आणि डीव्हीडी हातोहात फिरतात. रेस्क्यूसाठी तसली डिस्क वापरणे म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखे आहे. त्यात काय भरले आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

पेनड्राईव्हच खोटा निघाला तर

स्वस्तातला '६४ जीबी'चा पेनड्राईव्ह आठवडी बाजारात किंवा ऑनलाईन मिळतो, संगणकावर लावला की ६४ जीबी दाखवतोही, पण आतली खरी जागा चार-आठ जीबी असते. त्याच्या चिपमध्येच खोटा आकडा भरलेला असतो. थोडा डेटा टाकला तर चालतो, जास्त टाकला की नंतरचा डेटा कुठेच लिहिला जात नाही. रेस्क्यू डिस्क बनवताना सगळे शंभर टक्के होते, पण बूट होताना मध्येच 'फाईल सापडत नाही' असे येते. यासाठी 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. तो पूर्ण पेनड्राईव्ह भरतो, परत वाचतो आणि खरी जागा सांगतो. वेळ लागतो, पण नवीन पेनड्राईव्हला एकदा ही परीक्षा द्यायला लावावी.

कॉपी-पेस्ट करून चालत नाही

सर्वात जास्त होणारी चूक हीच. आयएसओ फाईल उतरली, ती उचलून पेनड्राईव्हवर टाकली आणि मशीनला लावली. काहीच होत नाही. मशीन सुरू होताना ठराविक जागी बूटचा प्रोग्रॅम शोधते. आयएसओ ही बांधलेल्या गाठोड्यासारखी असते. गाठोडे तसेच ठेवले तर आतले सामान मशीनला दिसत नाही. ते सोडून योग्य जागी मांडण्याचे काम रुफस, बलेना एचर किंवा व्हेंटॉय असे प्रोग्रॅम करतात. व्हेंटॉयची बात थोडी वेगळी, त्यात एकदा पेनड्राईव्ह तयार केला की नंतर मात्र आयएसओ फाईली नुसत्या कॉपी करून चालतात आणि एकाच पेनड्राईव्हवर चार-पाच डिस्क राहतात. दुरुस्तीचे काम करणाऱ्यांनी हा ठेवावा.

यातला कोणताही प्रोग्रॅम चालवला की पेनड्राईव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. मुलाच्या प्रोजेक्टचा पेनड्राईव्ह घाईत लावू नये.

घरात संगणक एकच आणि तोच बंद, मग डिस्क बनवायची कशावर? शेजाऱ्याचा लॅपटॉप हे सरळ उत्तर. तोही नसेल तर अँड्रॉईड मोबाईलवर 'एचड्रॉईड' नावाचे फुकट ॲप आहे. ओटीजी केबलने पेनड्राईव्ह मोबाईलला जोडून लिनक्सची आयएसओ त्यावर लिहिता येते. विंडोजची आयएसओ मात्र त्याने जमत नाही. मोबाईलची बॅटरी भरपूर असावी आणि काम होईपर्यंत केबलला धक्का लागू देऊ नये.

व्हायरस असलेल्या मशीनवरच अँटिव्हायरसची डिस्क बनवू नये, ती दुसऱ्या साफ मशीनवर बनवावी. क्विक हीलच्या डिस्कसाठी आधी एक पॅकेज नेटवरून उतरवावे लागते, ते सोडवून त्या फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो आणि मग सीडी की यूएसबी ते निवडायचे. पॅकेज न सोडवता झिपचाच पत्ता दिला तर गाडी पुढे जात नाही. आणि अशा डिस्कमधील व्हायरसची यादी ती बनवली त्या दिवसाची असते. दोन वर्षांपूर्वीची डिस्क कालचा व्हायरस ओळखणार नाही.

बनताना येणाऱ्या चुका

'वुई कान्ट क्रिएट द रिकव्हरी ड्राईव्ह' हा संदेश विंडोजमध्ये वारंवार येतो. पेनड्राईव्ह लहान असणे हे एक कारण. दुसरे कारण पटकन लक्षात येत नाही. फॉरमॅट मारताना कोणीतरी 'रिकव्हरी' नावाचा छोटा भाग निकामी समजून उडवलेला असतो, किंवा तो बंद पडलेला असतो. ते पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडावा आणि रीएजंटसी अशी आज्ञा द्यावी. स्पेलिंग आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी. मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि इन्फो. त्यात 'डिसेबल्ड' दिसले तर तीच आज्ञा इन्फोच्या जागी एनेबल लिहून द्यावी. तरीही चालू झाले नाही तर विंडोजच्या रिकव्हरीची फाईलच जागेवर नाही असे समजावे आणि त्यात वेळ न घालवता मीडिया क्रिएशन टूलचा पेनड्राईव्ह बनवावा. दुरुस्तीची बहुतेक कामे त्यावरूनही होतात.

रुफसमध्ये 'दुसरा प्रोग्रॅम वापरत आहे' किंवा 'ॲक्सेस डिनाईड' येते तेव्हा पेनड्राईव्हची उघडी खिडकी बंद करावी. अनेकदा अँटिव्हायरस त्याच वेळी पेनड्राईव्ह तपासत बसलेला असतो. तपासणी संपू द्यावी, नाहीतर तेवढ्यापुरती थांबवावी आणि काम झाल्यावर आठवणीने परत सुरू करावी. पुढच्या पोर्टवर चालत नसेल तर डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावून पाहावे. पुढचे पोर्ट लांब वायरने जोडलेले असतात आणि धुळीने भरलेले असतात.

'राईट प्रोटेक्टेड' आले तर आधी पेनड्राईव्हवर किंवा कार्डच्या अडॅप्टरवर छोटी खिट्टी आहे का ते बघावे. खिट्टी नसेल तर डिस्कपार्ट प्रोग्रॅममधून 'रीडओन्ली' काढता येते. पण डिस्कपार्ट जपून वापरावा. त्यात डिस्कला नाव नसते, नुसता नंबर असतो. डिस्क ० म्हणजे बहुतेक वेळा मशीनची हार्डडिस्क, पेनड्राईव्ह १ किंवा २. चुकीचा नंबर निवडून 'क्लीन' दिले की ते विचारत नाही, लगेच पुसते. यादीतला आकार दोनदा बघावा, शंका आली तर पेनड्राईव्ह काढून यादी पुन्हा घ्यावी, जो नंबर गायब झाला तो पेनड्राईव्ह. आणि इतके करूनही राईट प्रोटेक्शन जात नसेल तर पेनड्राईव्हची चिप संपत आली आहे. अशा वेळी तो आपणहून लिहिणे बंद करतो. त्यातला डेटा काढून घ्यावा आणि तो टाकून द्यावा.

फाईल चार जीबीपेक्षा मोठी असल्याची तक्रारही येते. फॅट३२ या जुन्या पद्धतीच्या पेनड्राईव्हवर एक फाईल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही, आणि विंडोजच्या डिस्कमधील मुख्य फाईल अनेकदा त्यापेक्षा मोठी असते. हाताने कॉपी करणाऱ्यांना हे आडवे येते. रुफस यातून आपोआप वाट काढतो, मीडिया क्रिएशन टूल ती फाईल दाबून लहान करते.

वीज मध्येच गेली तर? गावात हे होणारच. पेनड्राईव्ह जळत नाही, फक्त अर्धवट राहतो. अर्धवट पेनड्राईव्ह 'बघू चालतोय का' म्हणून वापरू नये, पहिल्यापासून परत बनवावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे काम लॅपटॉपवर करावे.

काम झाल्यावर एक भीती हमखास बसते. १६ जीबीचा पेनड्राईव्ह विंडोजमध्ये पाच-पन्नास एमबीचाच दिसतो, किंवा लावल्या लावल्या 'फॉरमॅट करायचा का?' विचारतो. तो बिघडलेला नसतो. लिनक्सची मांडणी विंडोजला वाचता येत नाही म्हणून तसे दिसते. 'फॉरमॅट' दाबले की नुकतीच बनवलेली डिस्क जाते, म्हणून 'कॅन्सल' करावे. पुढे कधी साधा पेनड्राईव्ह म्हणून वापरायचा झाला तर रुफसमध्येच 'नॉन बूटेबल' निवडून पूर्ववत करता येतो.

डीव्हीडी वापरणाऱ्यांसाठी

सरकारी कार्यालयांत, शाळांत अजून डीव्हीडी ड्राईव्ह असलेल्या मशीन आहेत. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असले तरी संगणकाच्या मोजमापात ती ४.३८ भरते. त्यामुळे आजची विंडोज एकेरी थराच्या डीव्हीडीवर मावतच नाही. लिनक्स मिंट मावते. आयएसओवर राईट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' घ्यावे, फाईल डेटा म्हणून टाकू नये, गती कमीत कमी ठेवावी आणि 'व्हेरिफाय'ची खूण करावी. जुन्या ड्राईव्हची लेन्स धुळीने मंद झालेली असते, लिहिलेली डीव्हीडी त्याच ड्राईव्हला वाचता येत नाही. दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहिल्याशिवाय डिस्कला दोष देऊ नये.

डिस्क बनली, पण मशीन घेत नाही

आता सगळ्यात किचकट भाग. मशीन सुरू करताच बूट मेन्यूची कळ टिचकत राहायची. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ किंवा एस्केप, असूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि त्यांच्या डेस्कटॉप बोर्डला एफ८, एमएसआयला एफ११, गिगाबाईटला एफ१२. एसरलाही एफ१२च, पण काही मॉडेलमध्ये ती कळ आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. काही लेनोव्होवर बाजूला टाचणीने दाबायचे छोटे नोव्हो बटण असते.

कळ दाबूनही काही होत नसेल तर विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' आडवे येत असते. त्यात 'शट डाऊन' केले तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. विंडोज थोडीफार उठत असेल तर शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करावे, निळा मेन्यू येतो, त्यात 'यूज अ डिव्हाइस' असते. अजिबातच उठत नसेल तर पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून पूर्ण बंद करावे आणि मग कळ दाबावी.

यादीत पेनड्राईव्ह दिसतच नाही, याचे कारण बहुतेक वेळा जुन्या-नव्या पद्धतीच्या भांडणात असते. साधारण २०१२ च्या आधीच्या मशीन जुन्या बायोसच्या, नंतरच्या बहुतेक यूईएफआयच्या. रुफसमध्ये 'पार्टिशन स्कीम' विचारतात तिथे नव्या मशीनसाठी जीपीटी, जुन्या मशीनसाठी एमबीआर निवडायचे. जीपीटीचा पेनड्राईव्ह दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मशीनला लावला की काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ, बाकी काही नाही. अशा वेळी मशीन बिघडली असे समजून पुढे जाऊ नये, पेनड्राईव्ह एमबीआर करून परत बनवावा. त्याच काळातल्या काही मशीन ३२ बिटच्या असतात, त्यांना ६४ बिटची डिस्क चालत नाही.

'सिक्युअर बूट व्हायोलेशन' असे लाल अक्षरात आले तर घाबरू नये. मशीन अनोळखी प्रोग्रॅमला आत घेत नाही एवढाच त्याचा अर्थ. उबंटू, मिंट यांना सहसा आत घेते. पपी किंवा जुन्या अँटिव्हायरस डिस्कसाठी बायोसमध्ये सिक्युअर बूट तेवढ्यापुरते बंद करावे लागते. पण त्याआधी बिटलॉकरचा विचार करावा, तो पुढे आला आहे. शिवाय सिक्युअर बूटची २०११ सालची मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात, म्हणून कपाटातली जुनी डिस्क आहे त्यावर विसंबून न राहता नव्याने बनवून ठेवलेली बरी.

'प्रेस एनी की टू बूट' असे पाचेक सेकंद येते, तेव्हा खरोखर एखादी कळ दाबायची असते. न दाबता बघत बसले की ते निघून जाते आणि लोक म्हणतात डिस्क चालत नाही. विंडोज ७ च्या डिस्कवर माऊस-कीबोर्ड गोठतात, कारण तिला निळ्या यूएसबी ३ पोर्टची ओळख नाही. काळ्या यूएसबी २ पोर्टला लावावे.

आणि एक नवीन दुखणे. अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून पुढच्या अनेक लॅपटॉपमध्ये विंडोजच्या डिस्कवरून आत गेले की हार्डडिस्कच दिसत नाही. दुकानदार लगेच 'एसएसडी गेली' म्हणतो. बऱ्याच वेळा ती धडधाकट असते. मधे इंटेलची व्हीएमडी नावाची व्यवस्था असते आणि तिचा ड्रायव्हर डिस्कमध्ये नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून 'रॅपिड स्टोरेज'चा ड्रायव्हर घेऊन, सोडवून पेनड्राईव्हवर ठेवावा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून द्यावा. नवीन एसएसडीचे हजारो रुपये देण्याआधी एवढे करून पाहावे.

बिटलॉकर : ४८ आकड्यांचे कुलूप

१९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ, बँका, दवाखाने एकाच दिवशी अडले. क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीची एक चुकीची अपडेट गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले. उपाय तसा साधा होता, बाहेरून आत शिरून एक फाईल पुसायची. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी यूएसबी टूलही लगेच दिले. पण मशीनसमोर माणूस बसवून एकेक उठवावी लागली, आणि अनेक ठिकाणी पेनड्राईव्ह तयार असूनही काम अडले ते बिटलॉकरच्या किल्लीवर.

बिटलॉकर म्हणजे हार्डडिस्कला घातलेले कुलूप. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की ते अनेकदा आपोआप लागते, मालकाला पत्ताही नसतो. बाहेरून शिरताना किंवा सिक्युअर बूट बदलल्यावर मशीन ४८ आकडी किल्ली मागते. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात साठवलेली असते, मोबाईलवरून लॉगिन करूनही बघता येते. घोळ असा की दुकानात लॅपटॉप घेताना दुकानदारानेच एखादे ईमेल बनवून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. मग किल्ली नाही, आणि किल्ली नाही तर डेटाही नाही. कोणतीही रेस्क्यू डिस्क हे कुलूप तोडत नाही. ज्यांचा लॅपटॉप आज व्यवस्थित चालू आहे त्यांनी ही किल्ली आजच बघून वहीत लिहून ठेवावी.

आत शिरल्यावर फाईली कशा काढायच्या?

लिनक्स असेल तर सोपे आहे, फोल्डर उघडायचे आणि दुसऱ्या पेनड्राईव्हवर ओढायचे. विंडोजची हार्डडिस्क अर्धवट झोपलेली असेल तर लिनक्स ती 'फक्त वाचा' अशी उघडते. डेटा काढायला तेवढे पुरते.

विंडोजची डिस्क असेल तरीही एक युक्ती आहे. सुरुवातीच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबले की काळी खिडकी उघडते, काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावे लागते. तिथे नोटपॅड टाईप करून एंटर मारावे. नोटपॅड उघडले की फाईल, मग ओपन. खाली 'ऑल फाईल्स' निवडावे. ती ओपनची खिडकीच फोल्डर उघडायची खिडकी म्हणून वापरता येते. राईट क्लिक करून कॉपी, पेनड्राईव्हवर जाऊन पेस्ट. इथे ड्राईव्हची अक्षरे बदललेली असतात, नेहमीचा सी कदाचित डी दिसेल, म्हणून अक्षरावर न जाता आतले 'युजर्स' फोल्डर बघावे. कॉपी होताना पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. बंद करू नये, पेनड्राईव्हचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट पाहावी.

दूध संस्था, सोसायटी यांनी आधी ठरवून ठेवावे की हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा नेमका कोणत्या फोल्डरमध्ये असतो. तो 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसतो, बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये दडलेला असतो. नुसता डेस्कटॉप कॉपी करून फॉरमॅट मारला तर शॉर्टकट तेवढे वाचतात. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. त्या नव्या प्रणालीतला हिशेब ऑनलाईन राहतो, पण त्याआधीची वर्षे अजून गावातल्या जुन्याच मशीनमध्ये पडून आहेत. त्यातल्या बऱ्याच मशीनवर विंडोज १० आहे, जिचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

डिस्क कुठे कामाची नाही

हार्डडिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर ती आतून झिजलेली आहे. अशी मशीन पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नये, 'चेकडिस्क' तर मुळीच चालवू नये, त्याने उरलेला डेटाही जातो. महत्त्वाचा डेटा असेल तर तशीच बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्यावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांत पाण्यात बुडालेल्या मशीनचेही तेच. उन्हात वाळवून वीज जोडणे हा सर्वात वाईट उपाय. आत गाळ राहतो आणि चालू केल्याबरोबर जे वाचले असते तेही जाते.

बाकी खर्चाचे म्हणाल तर १६ जीबीचा चांगल्या कंपनीचा एक पेनड्राईव्ह, फुकट सॉफ्टवेअर आणि मशीन चालू असतानाची एक दुपार. बनवल्यावर एकदा त्यावरून मशीन उठवून बघावी, वर कागदाची चिठ्ठी लावून तारीख, मशीनचे नाव आणि बूट मेन्यूची कळ लिहावी, आणि तो संगणकाच्या टेबलावर न ठेवता कपाटात दफ्तराबरोबर ठेवावा. टेबलावरचा पेनड्राईव्ह आठवड्यात कोणीतरी गाणी भरायला नेतो.